घरफाळ्यापुरती मालकीण

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, गुडघ्याच्या डॉक्टरजवळ नाही — आणि त्याला तर मी नको तेही सांगतो. देवाजवळही नाही. देवापुढे उभा राहिलो की मला हमखास दुसरीच कामं आठवतात. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तुमच्या चांगुलपणावर माझा विश्वास बसलाय असं काही समजू नका.

तसा मी बोलण्यात कमी नाही. माइक दिसला की माझा हात आपोआप शर्टाची कॉलर नीट करतो. आयुष्यभर आर्किटेक्ट म्हणून लोकांची घरं आखली, पण कोल्हापुरात मला ओळखतात ते ‘घरफाळ्याचे सर’ म्हणून. दुसऱ्या गावांत त्याला मालमत्ता कर म्हणतात, आमच्याकडे घरफाळा. गरिबांसाठी लहान घरं बांधणाऱ्याला घरफाळ्यात सवलत द्या, म्हणजे शहरात परवडणारी घरं उभी राहतील — हा माझा विषय. त्यावर मी लेख लिहिले, भाषणं केली, शाली घेतल्या. शालींचं एक कपाटच आहे घरी. उघडलं की डांबरगोळीचा वास येतो, आणि मला वाटतं, माझ्या समाजसेवेचा खरा वास हाच असावा.

त्या भाषणात एक गोष्ट असते. मालनची गोष्ट. ती मी फार रंगवून सांगतो. एका गरीब विधवेला आम्ही सवलतीतलं घर दिलं. बाईनं हौसेनं दूध उतू घातलं, शेगडीवर, ओट्यावर, थेट खालच्या फरशीपर्यंत — इथे मी हातानं दाखवतो, लोक हसतात — आणि वर्ष व्हायच्या आत घर दुसऱ्याच्या हवाली करून, पैसे घेऊन बाई पसार. मग मी जरा थांबतो, चष्मा काढतो, म्हणतो, ‘घर देणं सोपं आहे हो, घराची किंमत समजावणं अवघड.’ टाळ्या. पहिल्या रांगेतले लोक जास्त जोरात वाजवतात. त्यांच्याकडे सहसा दोन-तीन घरं असतात.

त्या गोष्टीत दूध खरं आहे. बाकी — थांबा. इतक्यात नाही जमायचं. आधी माझ्या वडिलांचं सांगतो.

पाचगावच्या वाटेवर आमची जागा होती. मागच्या बाजूला वडिलांनी काढलेल्या बैठ्या खोल्या, त्यांत भाडेकरू. आमच्याकडे अशी रीत की घर भाड्यानं दिलेलं सापडलं की घरफाळा चढतो. म्हणून कोल्हापुरातला कुठलाही मालक भाडेकरूला भाडेकरू म्हणत नाही. घरफाळ्याचा माणूस दारात आला की वडील गंजीफ्रॉकवरच बाहेर यायचे आणि सगळ्या खोल्यांवरून हात फिरवून सांगायचे, ‘आमचं पावणं हाईत.’ बारा महिने तेरा काळ मुक्कामाला असलेले पाहुणे. त्या माणसालाही ठाऊक असायचं. तो चहा पिऊन जायचा.

मालन त्या पाहुण्यांतलीच. माहेर हुपरीचं, नवरा लवकर गेला, पोटी एक मुलगी. आमच्या शेवटच्या खोलीत राहायची. घरफाळ्याचा माणूस आला की वडिलांनी सांगायच्या आधीच ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या आईला ‘आत्याबाई’ म्हणून हाक मारायची. आई मागाहून हसायची. आम्ही तिला किती हुशार म्हणायचो — आमच्या खोटेपणात न चुकता सामील होणाऱ्याला माणूस हुशारच म्हणतो. आम्ही सांगू तसं ती वागते, हे मला तेव्हापासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मी तरी ठेवलं होतं.

वडील गेले, जागा माझ्याकडे आली, आणि तोपर्यंत शहरात ती सवलत लागू झाली. ती आणण्यात माझाही खारीचा वाटा होता. सवलत चांगली होती, अजूनही चांगली आहे. तिला नावं ठेवू नका, नावं मला ठेवा. नियम सोपा होता. लहान घरं बांधा, कमी मिळकतीच्या कुटुंबांना द्या, ती कुटुंबं तिथे राहत असल्याची एकदा खात्री करून द्या. मग पुढे बरीच वर्षं त्या इमारतीचा घरफाळा नावापुरता.

मी भाडेकरूंना गोळा केलं. खोल्या पाडू, त्या जागी लहान फ्लॅट बांधू, तुमचा हक्क पहिला — असं बोललो. बोललो म्हणजे भाषणच केलं, सवयीनं. त्यांनी सामान उचललं. मालन मुलीला घेऊन कागलच्या बाजूला गेली. तिथल्या पंचतारांकित एमआयडीसीत — त्या औद्योगिक वसाहतीचं नावच तसं — कामगारांच्या कॅन्टीनला चपात्या लाटायचं काम तिला मिळालं. जवळच्या गावात कुणाच्या तरी गोठ्याला लागून एक खोली घेतली. पंचतारांकित आणि गोठा. आपल्याकडे शब्दांना कुणी घरफाळा लावत नाही, नाहीतर अर्धं राज्य थकबाकीत निघालं असतं.

इमारत झाली. आठ लहान घरं. आता मी तुम्हाला एक आर्किटेक्टची गंमत सांगतो. दोन घरांच्या मधली भिंत मी बिनभाराची ठेवली होती. तिच्यावर काही टेकलेलं नव्हतं. दुपारी दोन माणसं लावली की संध्याकाळी दोन लहान घरांचं एक ऐसपैस घर. एक स्वयंपाकघर राहायचं, दुसऱ्याची स्टडी व्हायची. नकाशा काढतानाच, पहिल्या दिवसापासून, हे माझ्या डोक्यात होतं. म्हणजे त्या भाडेकरूंपुढे मी हात हलवून बोलत होतो तेव्हाही होतं. माझी मुलगी आणि जावई पुण्याहून परत यायचं म्हणत होते. त्यांना हॉल मोठा हवा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून फारच फालतू आहे ते.

तपासणीचे साहेब येणार, असा निरोप आला. घरं राहती दिसायला हवीत. सात घरांत मी साइटवरची ओळखीची कुटुंबं आणून बसवली. त्यांना नाटक आहे हे माहीत होतं. त्यांनी भांडी मांडली, दोरीवर कपडे वाळत घातले, वर दोनदा चहा मागून घेतला. पण मला एक तरी खरा जुना भाडेकरू हवा होता. साहेबांनी दोन प्रश्न विचारले तर न अडखळता उत्तर देणारा. मी मालनला फोन केला.

फोनवर काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मालन, उद्या भांडीकुंडी घेऊन ये. साहेब येणार आहेत. शेगडी पेटलेली दिसली पाहिजे.’ बस्स. घर तुझं आहे, असं म्हणालो नाही. नाही, असंही म्हणालो नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बघ, तू खोटं बोललेला नाहीस. काय नीचपणा आहे, नाही? वाक्यसुद्धा बिनभाराचं ठेवलं होतं.

ती आली ती हिरवी साडी नेसून. मुलगी नवा ड्रेस घालून. बरोबर हुपरीहून भाऊ आला होता — आण्णा, पैंजणं घडवणारा, बोटांच्या पेरांत चांदीची काळी भुकटी कायमची बसलेली. तो मोठा, तिला आईबाप असा तोच. त्यानं बहिणीच्या नव्या घरासाठी स्वतः घडवलेलं चांदीचं निरांजन आणलं होतं. दारात आंब्याचं डहाळं बांधलं. मी जिन्यात उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगू, पहिल्यांदा मला राग आला. काय ही माणसं! तपासणी म्हटलं तर वास्तुशांत करायला निघाली. एवढंही कळू नये? तिला मी भांडी आणायला सांगितली होती, ती अख्खं माहेर घेऊन आली होती.

मी म्हटलं, शेगडीवर चहा ठेव. तर ती पातेल्यात दूध ओतत होती. माझ्याकडे बघून हसली.

‘मालक, नव्या घरात पैलं दूध उतू घालाय पाहिजे की. च्या मग करतो.’

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, ‘करतो’, ‘येतो’. तिनं गॅस मोठा केला, आणि ते तिघं हात जोडून पातेल्याभोवती उभे राहिले. नेमके तेव्हाच साहेब वर आले. तेही थांबले. चप्पल काढून दाराशी उभे राहिले. दूध वर आलं, कडेवरून उतरलं, ओट्यावर पसरलं, खाली सांडलं. करपल्याचा वास सुटला. आण्णानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तेव्हा बोलायचं होतं ना मी? साहेबांसमोर नाही, निदान नंतर, जिन्यात, तिला बाजूला घेऊन? मी काय केलं, तर उरलेल्या दुधात साखर घालून साहेबांना पेला दिला. साहेब भले माणूस. पेला हातात धरून म्हणाले, सर, असं काही बघितलं की नोकरीचं सार्थक वाटतं. मी मान झुकवली. ती मला फार छान झुकवता येते.

साहेब गेले. सवलत मिळणार हे नक्की झालं. संध्याकाळी मी मालनला म्हणालो, रंगाचा वास आहे अजून, नळाचं थोडं काम राहिलंय, आठ-पंधरा दिवसांनी या. तिनं ओटा घासून पुसून लख्ख केला, निरांजन पदरात गुंडाळलं, आणि ‘येतो मालक’ म्हणून गेली. आंब्याचं डहाळं मीच काढून टाकलं.

मग भिंती पडल्या. ती आली तेव्हा दार माझ्या जावयानं उघडलं. तो सभ्य आहे, त्यानं तिला पाणी विचारलं. ती खाली येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी नियम बदललेत, मिळकतीचा दाखला, वरून आलेली यादी असलं काहीतरी बोलत राहिलो. तिला एक अक्षर कळू नये अशाच बेतानं बोललो. तिनं वाद घातला नाही. तिला वाटलं, तिच्यातच काहीतरी कमी पडलं असणार.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय गुन्हा, असले बिल्डर गल्लीगल्लीत आहेत. बरोबर आहे तुमचं. एवढ्यासाठी मी तोंड उघडलंच नसतं. एवढं केलेले माझे चार मित्र आहेत, आम्ही एकत्र फिरायला जातो.

पुढचं ऐका.

एका सत्कारात एका तरुण पत्रकार मुलीनं विचारलं, सर, त्या दूध उतू घालणाऱ्या मालनबाई भेटतील का, फोटो घ्यायचाय. साहेबांनीच कुठेतरी कौतुकानं तो प्रसंग सांगितला असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून आलं, ‘अहो, बाईनं घर विकलं की. गेली पैसे घेऊन.’

इतकं सहज आलं, मला कष्टच पडले नाहीत. आणि बोलल्यावर लक्षात आलं, केवढं सोयीचं वाक्य आहे. आठ घरांची चार कशी झाली? लहान घरांत मोठी माणसं कशी राहतात? सगळ्याचं उत्तर त्यात होतं. गरिबांनीच विकली हो, आम्ही काय करणार. कुणी खोलात गेलं नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं. गरीब माणूस लबाड निघाला की आपल्या लोकांना जेवण गोड लागतं. त्या पत्रकार मुलीनं ते छापलं, ‘हुपरीच्या मालनबाई’ असं लिहून. नाव मीच दिलं होतं. नाव दिल्यानं गोष्ट खरी वाटते.

ते कात्रण हुपरीत पोचलं. आण्णाकडे.

आता बघा माझ्या नाटकाची करामत. मालननं भावाला आधीच सांगितलं होतं, घर काही मिळालं नाही. पण त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तिला त्या ओट्यासमोर उभी बघितली होती. डहाळं त्यानंच बांधलं होतं. त्यात शिकलेल्या सरांचं नाव घालून छापून आलेलं. त्यानं काय समजावं? बहिणीनं घर विकलं, पैसा दडवला, आणि सख्ख्या भावाला फसवलं. त्यानं तिच्याशी बोलणं सोडलं. भाऊबीजेला ती गेली, तर ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तशीच परत आली. मुलीच्या लग्नाला मामा नव्हता. नवरा नाही, सासर नाही, होतं नव्हतं ते एक माहेर. ते मी एका वाक्यात मिटवलं, आणि त्या वाक्यावर लोक हसले होते.

हे तिनंच येऊन सांगितलं. रडली नाही. माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसलीही नाही.

‘मालक, घराचं जाऊ द्या. ते माझं नव्हतं. तेवढं आण्णाला एक फोन करून सांगा, मी इकलं न्हाय म्हणून. माझं ऐकत न्हाय त्यो. म्हणतोय, मी दूध उतू जाताना बघितलंय. तुमचं ऐकंल.’

तिनं आण्णाचा नंबर सांगितला. मी तिच्यासमोर मोबाइलमध्ये घातला, ‘मालन भाऊ हुपरी’ असं नाव टाकून. म्हटलं, आजच करतो. ती जाताना माझ्या पाया पडली.

मी फोन केला नाही.

का, ते विचारू नका. भीती होती म्हणावं तर तीही धड नव्हती. सवलत जाईल, नाव जाईल — असं काही मोठं मनात घोळत होतं असं म्हणालो तर ती स्वतःचीच खुशामत होईल. चहा आला. मग कुणीतरी भेटायला आलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, परवा करू. एका माणसाला एका बहिणीबद्दल दोन खरी वाक्यं सांगायची होती, आणि मी ती टाळली, जशी आपण नळ दुरुस्तीवाल्याला हाक मारायची टाळतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं असेल, मी सांगूनही भावानं ऐकलं नाही.

मालनची गोष्ट मात्र मी सांगत राहिलो. उतू जाणारं दूध हातानं दाखवायची लकब तर फोन टाळल्यानंतरची आहे.

यंदा नातीला पैंजण घ्यायचं निघालं. नात म्हणजे मुलीची मुलगी, त्या मोठ्या हॉलमध्ये वाढलेली. बायको म्हणाली, हुपरीलाच जाऊ, त्या मालनचा भाऊ करतो ना, ओळखीचं बरं. बायकोला माझी भाषणातलीच गोष्ट माहीत आहे. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

घरातच कारखाना. भिंतीवर आण्णाचा फोटो, हार घातलेला. हार सुकला होता, फार दिवस झालेले नसावेत. त्याच्या मुलानं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मला तो ओळखत नव्हता.

‘कोल्हापूरचं व्हय पावणं? आमची आत्या असती तिकडं, कागलच्या अंगाला. फ्लॅट मिळालता तिला. इकून खाल्ला. बाबा शेवटाला लई नाव काढायचं तिचं. बोलवू का म्हटलं, तर नको म्हणायचं. इकला त्याचं काय न्हाय, म्हणायचं, माझ्याशी खोटं का बोलली.’

बायको मान हलवून ‘हो ना, काय बाई एकेक’ म्हणाली. माझ्या खिशात मोबाइल होता. त्यात त्या फोटोतल्या माणसाचा नंबर होता. समोर त्याचा मुलगा बसला होता, जिवंत, ऐकायला तयार, आणि त्याची आत्याही जिवंत आहे, एका बसच्या अंतरावर. मेलेल्याला नाही, पण याला तरी सांगता आलं असतं. मी विचारलं, घुंगरं जरा जास्त लावून मिळतील का? तो म्हणाला, लावतो की. लावून दिली.

ती पैंजणं नात दिवसभर घालून असते. जुन्या ओट्याच्या जागी आता तिचं टेबल आहे. तिथून ती धावत सुटते ती पार पलीकडच्या घराच्या खिडकीपर्यंत. मधे काही लागत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा भाषण होतं. तरुण बिल्डरांपुढे, घरफाळ्याच्या सवलतीवर. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, सर, ती मालनची गोष्ट सांगा. हुपरीहून आल्यानंतरचं हे माझं पहिलंच भाषण. मी चष्मा काढला.

सांगितली. दूध उतू जातं तिथे लोक हसतात, तिथेच हसले.